अदृश्य आणि अपरीक्ष्य

गेल्या रविवारी ट्रॉयमधील एका घरी त्रिसरण-पंचशील झाले आणि खीर वाढली जात असताना नववीतल्या एका मुलीने आम्हांस अडवले. “काका, आत्मा कोणी पाहिला नाही म्हणून आपण तो मानत नाही. मग डार्क एनर्जी तरी कोणी पाहिली आहे?” ‘शास्त्रज्ञ सांगतात म्हणून’ हे उत्तर बाबासाहेबांच्या लेकरांना देता येत नाही. म्हणून आम्ही वाटी खाली ठेवली.

१९९८ साली खगोलशास्त्रज्ञांच्या दोन गटांना दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसले. मंद म्हणजे अधिक दूर. अर्थात विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे, असा निष्कर्ष निघाला. त्या वेगाच्या कारणाला डार्क एनर्जी, म्हणजे कृष्ण ऊर्जा, हे नाव मिळाले. आजच्या हिशेबात विश्वाचा सुमारे सत्तर टक्के भाग तिचा. या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक लाभले. पण डोळ्यांना दिसला तो मंद प्रकाश. ऊर्जा हे त्याचे स्पष्टीकरण. स्पष्टीकरण दुसरेही असू शकते.

ते मांडणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर होते. १९६४ साली त्यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धान्त मांडला. वस्तूचे वस्तुमान हा तिचा एकटीचा गुण नव्हे. विश्वातील इतर सर्व वस्तूंशी असलेल्या संबंधातून ते येते, हे त्याचे सूत्र. पुढे १९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी महास्फोटाविना विश्वाचे चित्र रेखाटले. सुपरनोव्हा मंद दिसतात, कारण दीर्घिकांमधल्या अवकाशात धातूच्या सुईसारख्या कणांची धूळ त्यांचा प्रकाश अडवते, असे त्यांच्या गटाने २००० च्या सुमारास दाखवू पाहिले. तसे असेल तर कृष्ण ऊर्जेची गरजच उरत नाही.

वस्तुमानाचे ते सूत्र वाचताना प्रतीत्यसमुत्पाद आठवतो. परंतु ‘बुद्धांना हे आधीच ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह आपण टाळावा. पुराणांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो. तीच वाट आपली होऊ नये.

नारळीकरांचे मत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाची बारीक मोजमापे महास्फोटाशी अधिक जुळली. मराठी माणूस म्हणून आम्हांस त्यांचा अभिमान आहे, पण अभिमान हा पुरावा नव्हे. हा नियम त्यांनी स्वतःही पाळला. २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. कुंडलीवरून मुलांची बुद्धिमत्ता ओळखायची होती. २७ ज्योतिषांची उत्तरे नाणे उडवून मिळावीत त्याहून सरस निघाली नाहीत.

गुरुत्वाकर्षणाचे नियम बदलून कृष्ण ऊर्जा टाळणारे इतरही सिद्धान्त होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे गुरुत्वीय तरंग पृथ्वीवर पोहोचले, पाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. म्हणजे दोहोंचा वेग जवळजवळ सारखाच. ज्या सिद्धान्तांत तो वेगळा असायला हवा होता, त्यांतले कित्येक एका दिवसात बाद झाले.

आता पाळी कृष्ण ऊर्जेची. ॲरिझोनातील दुर्बिणीवर बसवलेले ‘डेसी’ हे उपकरण पाच हजार यांत्रिक हातांनी दीर्घिकांचा प्रकाश टिपते. हे हात आपल्या ट्रॉयपासून तासाभरावर, ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात तयार झाले. ही ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी, असा संकेत २०२५ मध्ये त्याच्या नोंदींतून मिळाला. शोध म्हणावा इतका तो अजून भक्कम नाही.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले: “बाळा, न दिसणे हा दोष नाही; तपासता न येणे हा दोष आहे. कृष्ण ऊर्जा उद्या खोटी ठरू शकते आणि ती कशी खोटी ठरेल हे तिचे समर्थकच सांगतात. आत्म्याचे समर्थक असे काही सांगतात का?”

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग तुमचे हे म्हणणेही मी तपासून पाहीन.” कालामांना तथागतांनी नेमके हेच शिकवले होते. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. आमची खीर गार झाली होती, पण मन प्रसन्न होते.

जय भीम!