सॅडलचा एक मिलिमीटर

नायलॉन तारांच्या गिटारचा आवाज दबका वाटू लागला की लोक थेट नवी गिटार बघायला निघतात. माझं म्हणणं, आधी ब्रिजच्या खाचेतली ती बोटभर पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, काढून तिचा तळ पाहा. तळ गोलसर किंवा तिरका असेल, तर तारेचं कंपन लाकडापर्यंत धड पोचतच नाही. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तो सपाट करता येतो, पण हात आवरून: सॅडल एक मिलिमीटर उतरलं की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली येते. तिथे पातळ तारेखाली साधारण 3 आणि जाड तारेखाली 4 मिलिमीटर जागा हवीच. फार उतरवलं तर तारा फ्रेटवर आपटतात, शिवाय सॅडलवरचा त्यांचा दाब कमी होऊन आवाज पडतो. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी लावताना तार घोडीच्या रुंद माथ्याला हलकेच घासत ठेवतात, त्यातूनच तो झंकार येतो. गिटारचं मात्र उलट, सॅडलच्या माथ्यावरून तार एका स्पष्ट कडेवरून सुटली पाहिजे. एवढं करूनही तिसरी तार मंदच वाजत असेल, तर दोष बहुधा तिच्या जाडीचा. तेवढी एक तार कार्बनची लावा, ती जास्त घन म्हणून बारीक असते आणि उजळ बोलते. आणि घासायला घेण्याआधी दुसरं सॅडल आणून ठेवा, मूळचं जपून राहू द्या.