इतर हक्क

आमच्या घरात मला फार जपत. इतकं जपत, की वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत बँक मला ठाऊक होती ती फक्त बाहेरून. आमचे हे आत जायचे आणि मी दाराशी स्कूटर सांभाळत उभी राहायची. "तू कशाला रांगेत त्रास करून घेतेस?" असं हे म्हणायचे. रांग आत पंख्याखाली असायची आणि स्कूटर बाहेर उन्हात. पण प्रेमापुढे असले तपशील कोण बघतो?

माहेरी "तुला काय करायचंय?" आणि सासरी "तुला कशाला त्रास?" ह्या दोन वाक्यांच्या मधल्या बोळातून माझं आयुष्य सुखात गेलं. आज मी त्या दोन वाक्यांवर फिर्याद घेऊन आले आहे. दिसायला दोन्ही फार सोज्वळ. कुणाच्या अंगावर धावून जाणार नाहीत, आवाज चढवणार नाहीत. पण घराघरातून ह्यांनी जेवढी लूट केली आहे तेवढी दरोडेखोरांना जमली नसती. दरोडेखोराला निदान रात्री यावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि मला बँकेत आत जावं लागलं. काउंटरवरच्या मुलीने स्लिप बघितली, मशीन बघितलं आणि म्हणाली, "आजी, सही जुळत नाही." मी म्हटलं, "कशी जुळेल बाई? वापरातच नव्हती." जुन्या नमुन्यात माझ्या नावाआधी 'सौ.' होतं. आता ते काढायचं, तर उरलेली सही लंगडी दिसायला लागली. घरी येऊन मागच्या वर्षीच्या कालनिर्णयाच्या पाठीवर मी सह्या गिरवल्या. मार्चपासून सप्टेंबरपर्यंतचे महिने भरले. तिसऱ्या खेपेला सही जुळली, आणि त्या दिवशी मी घरी आले ती फुटपाथवरून नव्हे, चक्क रस्त्याच्या मधून. एका रिक्षावाल्याने "मावशी, रस्ता काय तुमच्या नावावर आहे का?" असं विचारलं. त्या घटकेला मी "हो" म्हणाले असते.

बाईला एकदा किल्लीची सवय लागली की ती कुलपं शोधत सुटते. मी ह्यांच्या कपाटाचा चोरकप्पा उघडला. आत ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात नाव घातलेली एक फाईल होती : 'सौ.चे कागद'. माझे कागद! मला कागद आहेत हे मला प्रथमच कळलं. उघडून बघते तो आत एकच दस्त. १९९१ सालचं हक्कसोडपत्र. 'लिहून देणार' म्हणून माझं नाव, 'लिहून घेणार' म्हणून दादाचं. वडिलांच्या मिळकतीतला माझा सगळा हिस्सा मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाखाली न येता सोडून दिला होता. एवढं मोठं औदार्य माझ्या हातून घडलं आणि मला पत्ता नाही!

मग आठवलं. वडील जाऊन वर्ष झालं होतं. भाऊबीज आटोपल्यावर चार दिवसांनी दादा म्हणाला, "चल गं, एक सही करायचीय." मला वाटलं, साक्षीदार म्हणून नेतोय. कचेरीत साहेबांनी विचारलं, "मान्य आहे ना?" दादा म्हणाला, "मान्य आहे." मी मान हलवली. येताना दादाने मस्तानी पाजली आणि जांभळी पैठणी घेतली. ती पैठणी मी तीस वर्षं लोकांना "दादाने घेतलेली" म्हणून दाखवली. आता हिशेब केला तर महाराष्ट्रातल्या सर्वांत महाग पैठण्यांत तिचा नंबर लागावा.

दादाचं मी एक वेळ समजू शकते. पण ती प्रत ह्यांच्या कपाटात होती. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं माझ्या हातचा चहा पिताना ह्यांना ठाऊक होतं आणि "तिला कशाला त्रास" म्हणून ते बोलले नाहीत. फोटोला हार घालताना त्या दिवशी पहिल्यांदाच माझा हात जरा थांबला. खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात मी एकटी एस्टीने साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेले. आता सातबारा मोबाईलवरही निघतो, पण मला जुने फेरफार हवे होते, आणि ते मला दफ्तरातच बघायचे होते. आधी आत्ताचा उतारा हातात पडला. दादाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं. मला वाटलं, दादाने ही पदवी कधी घेतली? तलाठी भाऊसाहेब हसले आणि म्हणाले, "एकत्र कुटुंब मॅनेजर." म्हणजे कुटुंब एकत्र आणि नाव मॅनेजरचं. बाकीचे आम्ही बहुधा प्रेक्षक.

मग खालचा 'इतर हक्क' हा रकाना वाचला. सोसायटीचं कर्ज. विहिरीत चार आणे हिस्सा. आणि कर्ज व विहीर ह्यांच्या मधोमध, अन्नवस्त्रापुरती, आमची माईआत्या!

माईआत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण. माजघरात वाटाणे सोलणारी. "माईला काही कळत नाही," असं घरातला प्रत्येक पुरुष म्हणायचा आणि माई मान खाली घालून वाटाणे सोलायची. तालुक्याला दोन हेलपाटे घातल्यावर जुने फेरफार मिळाले. १९५८ सालची नोंद : आंब्याचं रान, खरेदीने, नाव माईआत्याचं. तिच्या सासरहून परत आलेले दागिने मोडले होते असं आई एकदा पुटपुटली होती, त्याचा अर्थ मला आत्ता कळला. ज्या रानातले आंबे आम्ही "आबांचे आंबे" म्हणून खाल्ले ते माईचे होते, आणि अढीतला डागाळलेला आंबा मात्र माई स्वतःच्या पानात घ्यायची.

पुढची नोंद १९६३ ची. खरेदीखत नाही, बक्षीसपत्र नाही, नुसता जबाब : 'मी माझे राजीखुशीने सदर जमिनीवरील नाव कमी करून भावाचे नाव लावण्यास संमती देते.' रान वडिलांकडे आणि माई इतर हक्कात. खाली सहीच्या जागी : निशाणी, डाव्या हाताचा आंगठा.

हे वाचून मी दफ्तरातल्या बाकावर मटकन बसले. कारण माईआत्याला लिहिता येत होतं. मला पाटीवर श्रीगणेशा तिने गिरवून दिला. चातुर्मासात पोथी ती वाचायची, घरातली पत्रं ती लिहायची. तो आंगठा तिचा होता, की "तुला काय करायचंय, इथे टेकव" म्हणून टेकवलेला होता, की भलत्याच कुणाचा होता, हे आंगठा सांगत नाही. सही काहीतरी बोलते. आंगठा गप्प बसतो. म्हणूनच तो पुरुषांना आवडत असावा.

आता कुणी म्हणेल, जुन्या गोष्टी उकरून काय मिळवलंत? माझं उलट विचारणं आहे : पुरल्या कुणी? "मुलींना कायदा कुठे होता तेव्हा?" असंही ऐकवतात. होता की! वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस ठरली ती १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली वाट उघडली, पण आधी लग्न झालेल्यांना बाहेर ठेवून. देशभर सगळ्या मुलींसाठी दार उघडलं ते २००५ साली. हा हक्क जन्मानेच मिळतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे कायदा आमच्या घराच्या पायरीपर्यंत येऊन अनेकदा बसून गेला. त्याला आत कुणी घेतलं नाही. "तुला काय करायचंय?" असं त्यालाही विचारलं असेल.

"लग्नात एवढा खर्च केला, हुंडा दिला, तोच तिचा वाटा," हा दुसरा हुकमी एक्का. पण हुंडा देणं आणि घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. म्हणजे एका गुन्ह्याची पावती दाखवून दुसऱ्या लबाडीला माफी मागायची! आणि लग्न काय एकट्या बहिणींचीच होतात? दादाचं लग्न काय शाळेच्या ग्रॅच्युइटीतून झालं होतं?

"अशाने नाती तुटतात," हा तिसरा. खरं सांगते, दादाने त्या दिवाळीत मला समोर बसवून म्हटलं असतं, "घर पडायला आलंय, मुलं लहान आहेत, तुझा हिस्सा सोडशील का?" तर मी सोडला असता. कदाचित पैठणीही घेतली नसती. दान मी आजही देईन. पण दान द्यायला आधी वस्तू आपली आहे हे माहीत असावं लागतं. ज्याला माहीतच नाही त्याच्याकडून घेतलेल्या दानाला मराठीत दुसरा शब्द आहे, आणि दादा मोठा असल्यामुळे मी तो लिहीत नाही.

गेल्या भाऊबीजेला मी नेहमीसारखी गेले. ओवाळलं. मग दोन्ही फेरफार आणि १९९१ चा दस्त ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, "दादा, जमिनीचं मागाहून बघू. आधी एवढंच सांग, मला का नाही विचारलंस?" दादा ऐंशीच्या घरात आलाय. त्याने चष्मा पुसला, कागद पुसले, पुन्हा चष्मा पुसला. शेवटी म्हणाला, "तुला काय करायचं होतं..." आणि वाक्य मधेच थांबलं. जन्मात पहिल्यांदा ते वाक्य त्याला पुरं करता आलं नाही.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. जन्मभर दादाच्या बाजूने बोललेल्या आमच्या वहिनी. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं, पदराला हात पुसले आणि हळूच म्हणाल्या,

"वन्सं, माझ्या माहेरचा उतारा काढायचा, तर गट नंबर कुठे बघायचा हो?"