करून पाहू या : चिपचे पाय मोजा!



आमचं आरोंदा तेरेखोल खाडीच्या काठी आहे. पलीकडे गोवा. खाडीला साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी भरती येते. पाणी किती चढलं, याची नोंद कॉम्प्युटरवर आपोआप होईल असं यंत्र शाळेच्या प्रदर्शनासाठी करता येईल का? येईल की!

एक तरंगता डबा घ्या. त्याला फिरता रेझिस्टर जोडा. (रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो ना, तोच!) आणि मध्ये हवा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम सांभाळणारी इवलीशी चिप. ती आकडे यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरला कळवील.

पण चिप कुठली घ्यायची? इथंच खाऊचे पैसे वाया जातात, बरं का! म्हणून दुकानात जाण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : चिपच्या पोटात यूएसबी आहे का? एटीमेगा३२८पी ही चिप सोपी आणि लोकप्रिय, पण तिच्यात यूएसबी नाही. आर्डुइनो उनो बोर्डावर त्यासाठी दुसरी चिप बसवावी लागली.

दुसरा प्रश्न : पाय कसे आहेत? 'डीआयपी' प्रकारच्या चिपचे पाय २.५४ मिलिमीटर अंतरावर असतात. ब्रेडबोर्डची भोकंही तेवढ्याच अंतरावर! २०२१ साली आलेली आरपी२०४० बघा. ७ मिलिमीटरचा चौकोन, त्याला ५६ जोडण्या, दोन जोडण्यांत अंतर अवघं ०.४ मिलिमीटर. घरच्या सोल्डरिंग गननं ते काम व्हायचं नाही.

तिसरा प्रश्न : प्रोग्रॅम आत कसा जाणार? पीआयसी१८एफ२५५० ही २८ पायांची चिप डीआयपीत मिळते, यूएसबीही आहे. पण कोऱ्या चिपमध्ये पहिला प्रोग्रॅम भरायला 'प्रोग्रॅमर' नावाचं वेगळं यंत्र लागतं. ते शाळेत असेल तर हीच घ्या.

नसेल तर तयार बोर्ड बरा. मुंबईच्या आयआयटीतसुद्धा विद्यार्थी 'पीटी-५१' बोर्डावर शिकले. त्यावरच्या चिपमध्ये यूएसबीच्या वायरीतूनच प्रोग्रॅम जातो. 'पिको' बोर्डही तसाच. त्यावर ती बारीक आरपी२०४० आधीच बसवलेली असते आणि बोर्डाचे पाय २.५४ मिलिमीटरवर. मात्र 'पाय लावलेला' बोर्ड मागा. आणि रेझिस्टरला त्याच्यावरचे ३.३ व्होल्टच द्या. ५ व्होल्ट दिलेत तर चिप गेलीच म्हणून समजा!

तयार बोर्ड घेतला म्हणजे लबाडी झाली का? मुळीच नाही. डबा तुमचा, जोडणी तुमची, प्रोग्रॅम तुमचा. पालकांनो, 'विकत आणलंय' म्हणून मुलांना हिणवू नका हं!

आधी बादलीत पाणी ओतून डबा तपासा. खाडीवर जाल ते मोठ्या माणसाबरोबरच. तोवर कंपासमधली पट्टी काढा आणि २.५४ मिलिमीटर म्हणजे केवढं, ते डोळ्यांनी बघा पाहू!