त्या परीक्षणाचा पत्ता काय?

संपादकांस,

'गेमरगेट' ही व्हिडिओ गेमच्या जगातली २०१४ची ऑनलाइन मोहीम म्हणजे पत्रकारितेच्या नीतिमत्तेसाठीचा लढा होता, असं गेल्या अंकातल्या पत्रात ठासून सांगितलं आहे. मग त्याचं मूळच तपासू या. झोई क्विन यांचा 'डिप्रेशन क्वेस्ट' हा नैराश्यावरचा, फुकट मिळणारा, बहुतांशी मजकुराचा खेळ. पडद्यावर पर्याय येतात, पण शहाणपणाचे नेमके खोडलेले. वाचता येतात, निवडता येत नाहीत. ऑगस्ट २०१४मध्ये क्विन यांच्या माजी प्रियकराने खासगी उणीदुणी चव्हाट्यावर मांडली आणि 'कोटाकू' या गेमविषयक संकेतस्थळाच्या पत्रकाराने क्विन यांच्याशी असलेल्या संबंधांपोटी अनुकूल परीक्षण लिहिल्याची हाकाटी उठली. प्रत्यक्षात त्याने या खेळाचं परीक्षण लिहिलेलंच नव्हतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

पत्रकारांनी हितसंबंध उघड करावेत, हे मान्यच. पण मग धमक्यांचा मुख्य भडिमार क्विन यांच्यावर का?

याच मोहिमेत लक्ष्य ठरलेल्या समीक्षक अनिता सार्कीशियन यांचा छळ तर त्याही आधीचा. खेळांतल्या स्त्रीचित्रणावर व्हिडिओ करण्यासाठी त्यांनी २०१२मध्ये ६,००० डॉलर मागितले. लोकांनी दीड लाखाहून अधिक दिले. त्याच वर्षी, त्यांच्या छायाचित्रावर क्लिक करत चेहरा सुजवायचा 'खेळ'ही कुणीतरी बनवला. ऑक्टोबर २०१४मध्ये युटा राज्य विद्यापीठातल्या त्यांच्या व्याख्यानाआधी सामूहिक हत्याकांडाची धमकी आली. तिथल्या कायद्यानुसार परवानाधारकांना सभागृहात पिस्तूल आणायला मज्जाव करता येत नव्हता. त्यामुळे व्याख्यान रद्द झालं.

यात पत्रकार कुठे आहे, तेवढं पत्रलेखकांनी कळवावं.

— एक वाचक