झिजलेल्या गाड्या आणि जपलेल्या गाड्या

भंगारात निघालेल्या जुन्या गाड्या वाचवाव्यात काय, हा प्रश्न आपल्याकडे दोनच सुरांत विचारला जातो. एक सूर हळवा: 'तसा पत्रा आता कोठे मिळतो?' दुसरा व्यवहारी: धूर ओकणारे, पार्किंगची जागा अडवणारे लोखंड वितळवून टाकावे, हे बरे. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र न बोलता गृहीत धरलेली असते. गाडी वाचवायची म्हणजे तिला पुन्हा नवी करायची, कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसासारखी चकचकीत करायची. हे गृहीतच मला मान्य नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंद झालेली शेवटची प्रीमियर पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षे, असा नियम. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून शहराच्या रस्त्यावर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या आठवड्यात वृत्तपत्रांत बरेच गहिवरून लिहिले गेले. निदान एक तरी पद्मिनी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या एका मोठ्या संघटनेने शासनाकडे केली होती. तिला यश आले नाही. लेखांचा पूर ओसरला आणि विषय संपला.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण तो मराठी वाचकाला परका नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून 'फियाट 1100 डिलाइट' तयार होऊ लागली. मूळ इटालियन आराखडा त्याआधीच्या दशकातला. सत्तरच्या दशकात परदेशी नाव गळून ती आधी 'प्रेसिडेंट' आणि मग, चितोडच्या राणीच्या नावावरून, 'पद्मिनी' झाली. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, पुढे सलग बाकासारखी बैठक, टपावर सामानाचे कॅरियर, आणि डावीकडे बाहेर बसवलेला तो यांत्रिक मीटर, जो चालक खिडकीतून हात काढून खाली पाडत असे. 2001 च्या सुमारास उत्पादन थांबले. कारखान्याच्या परिसरात आता इमारती आहेत. रस्त्याचे नाव मात्र अजून प्रीमियर रोड. तेथून फार दूर नसलेल्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा आणि भंगाराचा मोठा बाजार भरतो. जन्म आणि मरण एकाच उपनगरात असणे हे भाग्य माणसांनाही हल्ली क्वचितच लाभते. असो.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे पाहू, कारण ते खरे आहे. या गाडीच्या धुराचा बचाव करता येत नाही. पुढे सीएनजी आला, त्याने धूर कमी झाला, पण जुने इंजिन जुनेच राहिले. सुरक्षेच्या आजच्या कल्पना या गाडीच्या आराखड्यात नाहीत. आणि मुख्य म्हणजे, तिच्यासाठी हळहळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ती मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पॉवर स्टिअरिंगवाचून, पायांशी इंजिनाची धग घेत, सायन ते कुलाबा चालवली आहे? एका वयस्कर चालकाशी मी या विषयावर एकदा बोललो. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि मग आपल्या पाठीच्या दुखण्याविषयी बोलू लागला. नवी गाडी मिळाल्याचे त्याला दुःख नव्हते. स्मरणरंजन ही प्रवाशाची चैन आहे, चालकाची नव्हे, हे त्या दिवशी मला कळले.

तेव्हा सगळ्या गाड्या वाचवाव्यात, असे मी म्हणत नाही. रस्त्यावर चालू ठेवाव्यात, असेही म्हणत नाही. बहुतेक गाड्या वितळल्याच पाहिजेत. प्रश्न थोड्यांचा आहे, आणि त्या थोड्या कोणत्या, हे ठरवण्याची आपली कसोटी तपासण्याचा आहे.

ही कसोटी आज कायद्यातच लिहिलेली आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये 'व्हिंटेज' वाहनांचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, व्यापारी वापरात नसलेली, आणि चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार न होता मूळ रूपात राखलेली गाडी या वर्गात येते. वीस हजार रुपये शुल्क भरले की तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. नियम वाईट नाहीत. मात्र ते टॅक्सीच्या नियमाशेजारी ठेवून वाचावेत. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांनी संपते, वारशाचा दर्जा पन्नासाव्या वर्षी मिळतो. मधली तीस वर्षे गाडीने कोठे काढायची? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. ज्याच्या बंगल्याला गॅरेज आहे, तो ही तीस वर्षे सुखाने निभावतो. टॅक्सीवाल्याला नव्या गाडीचे हप्ते भरायचे असतात, आणि मुंबईत स्वतःला राहायला जागा नसताना निवृत्त गाडीला कोठून आणायची? 2003 सालची ती पद्मिनी 2053 साली वारसा झाली असती. आणि समजा कोणी ती तोवर सांभाळलीच, तरी मूळ रूपाच्या अटीवर ती नापास व्हावी, कारण वीस वर्षांत अशा टॅक्सीचे इंजिन उतरवले-चढवलेले असते, दार दुसऱ्याच गाडीचे असते, डिकीत सीएनजीची टाकी असते.

म्हणजे जिने काम केले तिला वारसा होता येत नाही. जी जपून ठेवली, जवळजवळ वापरलीच नाही, तिला होता येते. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस म्हणूनच टिकल्या. त्या टिकल्या याचा मला आनंद आहे, पण त्यांच्यावरून या देशातल्या माणसांनी प्रवास कसा केला, हे उद्याच्या अभ्यासकाला कळणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण नवी वाटू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. फिरत्या वाचनालयांतून त्या हातोहात गेल्या, वाचून वाचून फाटल्या. ज्या पुस्तकांची पाने कोणी कापलीही नाहीत, ती कपाटात सुस्थितीत राहिली. झीज ही लोकप्रियतेची खूण असते आणि तीच जतनाच्या आड येते. ग्रंथपालाने 'प्रत सुस्थितीत नाही' असा शेरा मारून रद्दीत काढलेले पुस्तक पुष्कळदा त्या ग्रंथालयातले सर्वांत जिवंत पुस्तक असते.

'मूळ रूप' या शब्दाचाही विचार येथेच करू. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या मिळवून पाठ शुद्ध केला. ते योग्यच होते, कारण तेथे एक कर्ता होता आणि त्याचे शब्द शोधायचे होते. जात्यावरच्या ओव्यांना मात्र हा न्याय लावता येत नाही. तेथे मूळ पाठ असा नसतोच. प्रत्येक बाईने आपल्या सासरमाहेरचे काही त्यात घातलेले असते, आणि ती भर हाच पाठ असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या कोणत्या गावच्या, कोणी गायिलेल्या, या नोंदींसह. जपलेली रोल्स-रॉइस ही ज्ञानेश्वरीच्या जातीची आहे असे क्षणभर मानले, तर टॅक्सी ही ओवीच्या जातीची आहे. तिच्यावरचा फेरफार काढून तिला 1974 सालची करणे म्हणजे ओवीतून बाईच काढून टाकणे होय. मीटरशेजारच्या देवाच्या तसबिरीसकट, बदललेल्या दारासकट, गावचे नाव लिहिलेल्या काचेसकट ती ठेवली, आणि ती कोणी कोणत्या पाळीत चालवली याची नोंद ठेवली, तरच ती ठेवण्याला अर्थ आहे.

हे व्यवहार्य नाही, असे कोणी म्हणेल. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय त्याला उत्तर म्हणून पुरेसे आहे. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. अडकित्ते, दिवे, भांडी, फण्या, दाराच्या चौकटी अशा नित्य वापराच्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या, त्या काळात या वस्तूंना मोडीचाच भाव होता. अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि 1975 साली तो शासनाच्या हाती सोपवला. त्यांनी नवे कोरे अडकित्ते शोधले नाहीत. अडकित्त्याची धार कोणाच्या तरी सुपारीने गेलेली आहे, हे तेथे काचेतूनही दिसते. अर्थात अडकित्ता खिशात मावतो आणि मोटार मावत नाही, हा भेद मला मान्य आहे. पण म्हणून शून्य हा आकडा योग्य ठरत नाही. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली; पुढे फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत जमिनीखाली तिचे रूळ सापडले, तेव्हा लोक ते पाहायला थांबत. टॅक्सीला तर रूळही नसतात.

हे सारे मी लिहीत असलो तरी माझे हात स्वच्छ नाहीत. वडिलांनी 1989 साली एक जुनी पद्मिनी घेतली होती. ते तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवत. ते गेल्यावर तीन वर्षे ती अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी होती. 2012 साली आम्ही ती भंगारवाल्याला वजनावर दिली. त्याने गॅस कटरने चॅसी क्रमांकाचा तुकडा कापून आमच्या हातात ठेवला, नोंदणी रद्द करताना तो दाखवावा लागतो म्हणून. त्या कामात मी इतका दक्ष होतो की डॅशबोर्डचा खण उघडून पाहायचे राहून गेले. त्यात त्यांची वही होती. किती किलोमीटरला किती पेट्रोल, कोठे पंक्चर, कोणत्या गावी कोणाचे व्याख्यान, परतताना गाडीत कोण कोण होते, असे सगळे ते त्यात टिपत. तालुक्यात वीस वर्षे कोण बोलायला आले आणि श्रोते किती होते, याची दुसरी नोंद कोठेही नाही, हे मला पुढे एका विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी माहिती शोधताना कळले. मी भंगारवाल्याकडे गेलो. गाडी केव्हाच कापली गेली होती. कागद तो वेगळा विकत असे, आणि ती वही कोणत्या रद्दीत गेली, हे त्याला आठवण्याचे काही कारण नव्हते.