बारा प्रकाशवर्षांवरचा मित्र

मोबाइलवरील खेळांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारची मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांना ते सारे एकजात वेळेचा नाश वाटतात आणि आम्हां विद्यार्थ्यांना त्यांच्यावरील टीका एकजात जुनाट वाटते. एका खेळाचा दुसऱ्याहून भेद करण्याचे कष्ट मात्र दोन्ही पक्ष घेत नाहीत. वस्तुतः पुस्तकापुस्तकांत जसा फरक असतो तसाच खेळाखेळांतही असतो. ज्यात बंदूक नाही, धावती मोटार नाही, किंबहुना पाहण्यासारखे असे काहीच नाही, केवळ वाचावयाचे आणि उत्तर द्यावयाचे, असा एक खेळ आमच्यापैकी काही जणांच्या वाचनात आला. त्याच्या निमित्ताने दूरच्या, कधीही न पाहिलेल्या मित्राविषयी आमचे जे मत बनले ते येथे मांडीत आहोत.

खेळाचे नाव 'लाइफलाइन'. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक डेव्ह जस्टस. 'व्हॅरिया' नावाचे एक अंतराळयान टाऊ सेटी ह्या ताऱ्याच्या परिसरातील एका ओसाड उपग्रहावर कोसळते. त्यातून टेलर नावाचा एक विद्यार्थी वाचतो. त्याच्या हातातील संदेशयंत्रावर उत्तर देणारे साऱ्या विश्वात एकच माणूस असते, ते म्हणजे खेळणारा. टेलर मुलगा की मुलगी हे लेखकाने सांगितलेले नाही. इंग्रजीत हे सहज निभावते. मराठीत 'मी थकलो' की 'मी थकले' हे पहिल्याच वाक्याला ठरवावे लागते. आम्ही सोयीसाठी पुल्लिंग वापरीत आहोत, मुलींनी क्षमा करावी.

टेलर विचारतो, आपण उत्तर देतो आणि त्या उत्तरावर त्याचे जगणे-मरणे अवलंबून राहते. एका रात्री थंडी असह्य होते. यानाच्या अणुभट्टीजवळ ऊब आहे, पण तेथे किरणोत्सर्ग १५० रॅड इतका आहे. तेथे निजावे की निजू नये, असे तो विचारतो. आमच्यापैकी कित्येकांनी रॅड हा शब्द आयुष्यात प्रथमच ऐकला होता. विज्ञानाच्या पुस्तकात आणि मग इतरत्र शोधाशोध झाली. एवढ्या मात्रेने मनुष्य आजारी पडू शकतो, परंतु बहुधा मरत नाही, असे कळले तेव्हा कोठे उत्तर गेले. परीक्षेसाठी इतक्या तळमळीने कोणी पुस्तक उघडल्याचे आम्हांस आठवत नाही.

परंतु ह्या खेळाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या मौनात आहे. टेलर 'एका तासाने तेथे पोचेन' म्हणाला की खरोखरच एक तास काही येत नाही. तो निजला की रात्रभर शांतता. खेळणाऱ्याने शाळेत जावे, जेवावे, अभ्यास करावा. आणि त्या साऱ्या वेळात मनाच्या एका कोपऱ्यात 'त्याचे काय झाले असेल?' हा प्रश्न तेवत राहावा. आपल्या मनाजोगे धावणारे खेळ पुष्कळ आहेत. थांबावयास लावणारा आम्ही हा पहिलाच पाहिला.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक आक्षेप घेतला, तो योग्यच आहे. टाऊ सेटी हा तारा तिमिंगल तारकासमूहात असून डिसेंबरच्या संध्याकाळी आकाश स्वच्छ असल्यास सुरतेहून दक्षिणेकडे नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. त्याचे अंतर जवळजवळ बारा प्रकाशवर्षे आहे. म्हणजे टेलरचा प्रश्न आपल्यापर्यंत यावयास बारा वर्षे आणि आपले उत्तर परत जावयास आणखी बारा. आठवीतल्या मुलाने 'डावीकडे जाऊ की उजवीकडे?' असे विचारले, तर उत्तर हाती पडेपर्यंत त्याची मुले शाळेत जाऊ लागलेली असतील! खेळात मात्र संदेश क्षणात पोचतात. टेलर चालत असताना लेखक आपल्याला थांबवतो, पण अंतरामुळे थांबवीत नाही. अंतराची गोष्ट सांगणाऱ्या खेळाने अंतरालाच वगळावे, ही उणीव आम्हांस लहान वाटत नाही.

खऱ्या अंतराचा अनुभव घेणारी माणसे आज आपल्यातच आहेत. ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वी सोडून गेलेले 'व्हॉयेजर-१' हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये असंबद्ध संदेश पाठवू लागले. त्याच्या संगणकातील एक सूक्ष्म घटक निकामी झाला होता. पृथ्वीवरून एक आज्ञा यानापर्यंत पोचण्यास सुमारे साडेबावीस तास लागत आणि उत्तर येण्यास तेवढेच. म्हणजे एक प्रश्न विचारावयाचा आणि जवळजवळ दोन दिवस वाट पाहावयाची. अशा रीतीने महिनोन्‌महिने खपून त्या तंत्रज्ञांनी दोष शोधला, निकामी जागेतील आज्ञावली दुसरीकडे हलवली आणि २० एप्रिल २०२४ रोजी यानाचा सुसंगत शब्द पुन्हा कानी आला. ज्याच्याशी हे संभाषण चालले ते निर्जीव यंत्र होते हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही त्या पाच महिन्यांत जी निष्ठा दिसली तिला दुसरे नाव सुचत नाही.

सुरतेच्या मुलांना ह्यासाठी आकाशातच पाहावे लागते असे नाही. सतराव्या शतकात येथे इंग्रजांची वखार होती. जहाजे सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत आणि वाऱ्यांचा ऋतू साधून आफ्रिकेला वळसा घालून विलायतेस जात. पत्र पोचावयास सहा महिन्यांहून अधिक लागत. प्रश्न आणि उत्तर ह्यांत दीड-दोन वर्षे सहज जात. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. (महाराजांच्या ह्या पराक्रमाने छाती फुगवावी की आपल्या गावाची लूट म्हणून हळहळावे, हा पेच सुरतेच्या मराठी मुलालाच पडतो, असो.) त्या वेळी वखारीचा प्रमुख असलेल्या जॉर्ज ऑक्झेंडनने लिहिलेले वर्तमान लंडनला पोचेपर्यंत इकडे सारे शांतही होऊन गेले असणार. तो १६६९ साली येथेच वारला. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी दफनभूमीत त्याची आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर ह्याची भव्य कबर आहे. ती पाहताना घरच्यांची किती पत्रे ह्या लोकांना उशिरा मिळाली असतील आणि किती मुळीच मिळाली नसतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याच काळी ह्याच शहराचे सावकार हुंडीवर व्यवहार करीत. सुरतेत पैसे भरावे आणि आग्र्यास कागद दाखवून घ्यावे. हुंडी कधी दर्शनी असे, कधी मुदती. जो पैसे देई तो भरणाऱ्याला ओळखत असेच असे नाही; त्याचा विश्वास कागदावरच्या अक्षरावर आणि त्यामागच्या नावावर असे. आजही हिऱ्यांची पुडकी अंगडियांच्या हातून सुरतेहून मुंबईस जातात. न पाहिलेल्या माणसावर शब्दावरून विश्वास ठेवणे म्हणजे आजकालच्या मुलांचे खूळ, असे निदान ह्या शहरात तरी कोणी म्हणू नये.

मग दूरची, पडद्यावरची मैत्री खोटी असते असे सरसकट का म्हणतात? इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या दोन विद्यार्थ्यांनी १९७८ पासून एक खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. शब्दांनी वर्णिलेल्या दालनांतून अनेक माणसे एकाच वेळी हिंडत आणि एकमेकांशी बोलत. अशा खेळांतून कधीही न भेटलेल्यांची मैत्री जमू लागली. त्याआधी पत्रमैत्री होतीच. चेहरा दिसत नाही म्हणून मैत्री खोटी, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. रोज बाकावर शेजारी बसूनही ज्याचे मन आपल्याला कळत नाही असा सोबती कोणाला नसतो?

आमच्या शाळेत तर हा प्रश्न चर्चेपुरता नाही. आमच्यापैकी बहुतेकांची कुटुंबे खानदेशातून आलेली. जळगाव, धुळे, नंदुरबार येथून ताप्तीच्या कडेकडेने येणाऱ्या गाड्यांनी उधना आणि लिंबायत ही उपनगरे वसवली. जसे लोक आले तसेच ते परतही जातात. वडिलांचे काम सुटले, आजी आजारी पडली, की वर्षाच्या मध्येच एक बाक रिकामा होतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर असे कितीतरी बाक रिकामे राहिले. गेलेला मित्र शहाद्याला किंवा अमळनेरला असतो. अंतर प्रकाशवर्षांचे नाही, पण तिकिटाचे पैसे नसलेल्या मुलाला ते तसेच भासते. त्याच्याशी नाते राखावयाचे तर शब्दच उरतात. आणि पुष्कळ घरांत फोन एकच असतो. तो वडिलांबरोबर मागाच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर जातो. आपण सकाळी विचारलेल्या प्रश्नाला रात्री उत्तर येते, तेही इकडे वडील परत आल्यावर आणि तिकडे कोणी जागे असल्यास. 'लाइफलाइन'मधील मौन आमच्या मुलांना परके वाटले नाही ते ह्यामुळेच.

ज्यांच्या हाती स्वतंत्र फोन आहे त्यांची तक्रार निराळी असते. संदेश वाचल्याची खूण दिसली आणि पाच मिनिटांत उत्तर आले नाही, की रुसवा! मैत्रीचे मोजमाप उत्तराच्या वेगावर करण्याची ही रीत आम्हांस घातक वाटते. घातक हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. फोनवरून फसवणाऱ्यांच्या ज्या कथा आपण वाचतो त्यांत एक गोष्ट नेहमी सारखी असते, ती म्हणजे घाई. आत्ताच पैसे पाठव, आत्ताच छायाचित्र दे, फोन ठेवू नकोस, घरी कोणाला सांगू नकोस. फसवणाऱ्याला सारे काही परवडते, फक्त उशीर परवडत नाही. कारण तेवढ्या वेळात मुलगा आईला विचारील. न पाहिलेल्या मित्राची पारख कशी करावी असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही सांगू की त्याला थांबावयास सांगून पाहा. 'उद्या बोलू, घरी विचारतो' हे ऐकून जो रागावतो त्याच्यापासून दूर राहावे. आणि प्रकरण तेथवर गेलेच, तर १९३० हा मदतीचा क्रमांक आहे. जो थांबतो तो प्रत्येक जण मित्रच असतो असे नाही. परंतु जो थांबू शकत नाही तो खास नव्हे.

इतके गुण गाऊनही 'लाइफलाइन'मधील नाते मैत्रीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. एक तर टेलर मेला तर खेळ मागे नेता येतो आणि तो पुन्हा बोलू लागतो. ज्याला गमावण्याची भीती नाही त्याची काळजी कितीशी वाटणार? दुसरे, आपल्या हाती बहुधा दोनच उत्तरे असतात, तीही लेखकाने लिहिलेली. आपले स्वतःचे एक अक्षरही टेलरपर्यंत पोचत नाही. ह्याहून मोठी उणीव ही की टेलरला आपली गरज आहे, पण आपल्याला कधी टेलरची गरज पडावी अशी सोयच नाही. आज आमच्या घरी काय झाले, गणितात किती गुण पडले, हे त्याला सांगता येत नाही. नाते एकाच बाजूने वाहते.

अलीकडे ह्याच्या उलट प्रकार निघाला आहे. तेथे आपण वाटेल ते लिहावे आणि यंत्राने क्षणात गोड उत्तर द्यावे. ह्याचे मूळ जुने आहे. जोसेफ वायझेनबाउम ह्या संशोधकाने १९६६ साली 'एलायझा' नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो लिहिणाऱ्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारी. तो कसा बनला हे स्वतः पाहिलेल्या त्याच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउमला खोलीबाहेर जावयास सांगितले, अशी हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. आजची यंत्रे त्याहून फार हुशार आहेत. पण ती दमत नाहीत, रुसत नाहीत, आणि त्यांचा फोन वडिलांबरोबर पाळीवर जात नाही. उत्तरासाठी ताटकळण्याची वेळच न आलेल्या मुलाला शहाद्याच्या मित्राचा उशीर पुढे सोसेल का, ह्याची आम्हांस शंका आहे.

मराठीत असा शब्दांचा खेळ का नसावा, हा विचार आमच्यात पुष्कळ झाला. चित्रांना आणि यंत्रांना पैसा लागतो, शब्दांना लागत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळाले. मोठ्या नावावाचूनही शब्द पोचतात. आमच्या नववीतील दोघांनी वहीवरच एक खेळ मांडावयास घेतला आहे. त्यातील यात्री मंगळावर आहे. मंगळाहून संदेश यावयास तीन ते बावीस मिनिटे लागतात, तेवढीच ह्यात लागतील. मराठीच्या आग्रहामुळे ती मुलगी आहे हे पहिल्याच वाक्यात ठरले. तिला वाट कोणती हे विचारता येते. शिवाय 'तुझे कसे चालले आहे?' असेही ती मधूनच विचारते. ह्या प्रश्नाखाली तयार उत्तरे द्यावयाची की कोरी जागा ठेवावयाची, ह्यावर त्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही.