दोन बोटी, एकच किनारा

गेल्या महिन्यात बर्गनहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "खाला, नानांना बोटीतून नॉर्वेचा किनारा दाखवायचा म्हणतोय. दोन कंपन्या आहेत. दोन्ही सारख्याच दिसतात. तू मास्तरीण आहेस, तूच वाचून ठरव."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बोटींशी माझा संबंध इतकाच, की अब्बा अठ्ठावीस वर्षं बोटीवर खलाशी होते आणि आमचं बालपण त्यांच्या पत्रांवर आणि मनिऑर्डरवर गेलं. रॉटरडॅम, हॅम्बर्ग ही नावं आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या पत्रांत वाचली. त्याच्या वर, उत्तरेला, अब्बा कधी गेले नाहीत. आता त्यांचं वय ७६. अम्मी गेल्यापासून ते फार बोलत नाहीत. संध्याकाळी जेटीवर जाऊन बसतात आणि मगरिबच्या आधी परत येतात. भाच्याला त्यांना एकदा पुन्हा बोटीवर चढवायचं आहे, आणि गुडघे आणखी किती साथ देतील याचा भरवसा नाही. ही सफर दुसऱ्यांदा होणारी नाही. म्हणून चूक व्हायला नको होती.

मी वाचायला बसले. एक कंपनी हुर्टिग्रुटेन, दुसरी हाविला. दोघींचा मार्ग एकच. दक्षिणेला बर्गन, उत्तरेला रशियाच्या सीमेजवळचं किर्केनेस, दोन्ही टोकं धरून चौतीस बंदरं. जाऊन-येऊन बारा दिवस. जाताना जी बंदरं रात्री लागतात, ती येताना दिवसा लागतात. आधी मला वाटलं, दोन व्यापाऱ्यांनी एकाच रस्त्यावर समोरासमोर दुकान थाटलंय. खोलात गेल्यावर कळलं की प्रकार वेगळा आहे.

हुर्टिग्रुटेन म्हणजे 'जलद मार्ग'. १८९३ साली रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने सरकारशी करार करून ही सेवा सुरू केली. त्याआधी ट्रॉनहाइमहून हॅमरफेस्टला टपाल पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागत. जेमतेम दिवाबत्ती असलेल्या, खडकांनी भरलेल्या किनाऱ्यावर रात्रीची बोट न्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. विथने तेच अंतर काही दिवसांवर आणलं. तेव्हापासून ही बोट टपाल नेते, माल नेते आणि गावोगावच्या माणसांची ने-आण करते. पर्यटक नंतर आले.

शंभरहून अधिक वर्षं हे काम एकाच नावाखाली चाललं. मग नॉर्वे सरकारने २०२१ पासून २०३० पर्यंतचं कंत्राट दोघांत वाटलं. सात बोटी हुर्टिग्रुटेनच्या, चार हाविलाच्या. हाविलाला जहाजं बांधून मिळायला उशीर झाला. पहिली फेरी डिसेंबर २०२१ मध्ये निघाली आणि चारही बोटी २०२३ पर्यंत पाण्यात आल्या. वेळापत्रक आणि बंदरं सरकारने ठरवलेली. बंदरात उतरणारा प्रवासी एकच असला तरी थांबायचं.

आमच्या भाषेत सांगायचं तर या एकाच गावातल्या दोन अनुदानित शाळा आहेत. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, सुट्ट्यासुद्धा एक. अशा दोन शाळांमध्ये पालक फरक शोधतात तेव्हा इमारत, गणवेश आणि डब्याची सोय याच गोष्टी हाती लागतात. इथेही तसंच झालं.

इमारत म्हणाल तर हाविलाच्या बोटी नव्या कोऱ्या. त्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात आणि जोडीला मोठ्या बॅटऱ्या आहेत. बॅटरीवर सुमारे चार तास इंजिन बंद ठेवून जाता येतं. अरुंद फ्योर्डमध्ये धूर नाही, आवाज नाही. जागतिक वारसा असलेल्या फ्योर्डमध्ये प्रदूषण होऊ नये असा ठराव तिथल्या संसदेने २०१८ मध्ये केला होता. त्या दिशेने ही पावलं आहेत. वायूसुद्धा जमिनीतूनच येतो, तेव्हा त्याला अगदी पुण्याचं इंधन म्हणण्याचं कारण नाही. पण फरक आहे.

हुर्टिग्रुटेनच्या बऱ्याच बोटी १९९० च्या दशकातल्या. 'वेस्टरोलेन' तर १९८३ ची. काही जुन्या बोटींना अलीकडे बॅटऱ्या बसवून सुधारून घेतलं आहे. त्यांच्याकडे लाकूडकाम, जुन्या चित्रकारांची चित्रं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा राबता आहे. जेवणाची पद्धतही वेगळी. हुर्टिग्रुटेनवर सकाळ-दुपार टेबलावर मांडलेल्या पदार्थांतून आपण वाढून घ्यायचं आणि रात्री पानावर बसायचं. हाविलावर तसं मांडलेलं काही नसतं, सगळं टेबलावर आणून देतात. अन्न वाया जाऊ नये हा त्यामागचा हेतू. ज्याचे गुडघे दुखतात त्याला हातात ताट घेऊन डुलत्या बोटीवर रांगेत उभं राहावं लागत नाही, हा माझ्या दृष्टीने मोठा मुद्दा होता.

आणखी एक सावधगिरी. हुर्टिग्रुटेनच नावाने कमी थांब्यांच्या, जास्त भाड्याच्या निव्वळ पर्यटकांसाठीच्या फेऱ्याही आहेत. नाव तेच, सफर वेगळी. नाव बघून पैसे भरू नयेत.

मी वहीत दोन रकाने केले आणि हाविलाच्या बाजूने कल दिला. फोनवर अब्बांना वाचून दाखवलं. इंजिन बंद करून चार तास जाता येतं, हे ऐकल्यावर ते कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "इंजिन ऐकू आलं नाही तर मला झोप कशी लागायची? खलाशी इंजिन थांबलं की जागा होतो." मग विचारलं, "माल चढवतात का? मग कुठलीही चालेल. माल चढवताना बघायला मिळालं की झालं."

दोन्ही बोटी माल चढवतात. म्हणजे त्यांच्या एका वाक्याने माझी वही निकालात निघाली.

त्यानंतर जे समजलं ते मला आधी समजायला हवं होतं. अकरा बोटी, अकरा दिवसांचं चक्र. बर्गनहून रोज एकच बोट उत्तरेला निघते. आज ती या कंपनीची, उद्या कदाचित त्या कंपनीची. म्हणजे तारीख ठरली की कंपनी ठरते. तेव्हा पहिला प्रश्न कंपनीचा नाही, ऋतूचा आहे.

आणि ऋतूचा प्रश्न खरोखर मोठा आहे. गाइरांगरच्या फ्योर्डमध्ये आत जायचं असेल तर जून ते ऑगस्ट. ऑरोरा, म्हणजे आकाशातले हिरवे झोत बघायचे असतील तर शरद ते हिवाळा. त्यातही ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच उगवत नाही. आम्हाला माझ्या शाळेच्या सुट्टीमुळे मे महिना सोयीचा. डोंगरांवर बर्फ असतं, धबधबे भरून वाहतात आणि महिन्याच्या मध्यापासून अगदी उत्तरेकडे सूर्य मावळायचा थांबतो. गाइरांगर सोडावं लागेल. त्याच्या बदल्यात लोफोटेन बेटांवर लाकडी मांडवांवर टांगलेले कॉड मासे दिसतील. फेब्रुवारीपासून मेपर्यंत ते मीठ न लावता नुसत्या वाऱ्यावर सुकवतात. ज्याचं आयुष्य किनाऱ्यावर सुकणाऱ्या बोंबलांच्या वासात गेलं, त्याला त्या मांडवांखाली उभं राहून काय वाटेल, हे मला बघायचं आहे.

आता आपल्या लोकांचे प्रश्न. मला तीन विचारले गेले.

पहिला जेवणाचा. हलाल मांस बोटीवर मिळेल हे गृहीत धरू नये. मासे आणि शाकाहार यांवर सहज निभावतं, फक्त आरक्षणाच्या वेळीच कळवावं. किर्केनेसला मोठे किंग क्रॅब पकडून खाऊ घालतात. अब्बांना त्यात अडचण वाटत नाही. सोबत कोणी हनफी असेल तर त्याने कॉडवर समाधान मानावं. खेकड्यावरून बोटीवर वाद नको.

दुसरा नमाजचा. जिथे सूर्य मावळतच नाही तिथे मगरिब कधी, इशा कधी? हा प्रश्न नवा नाही. ट्रोम्सोमध्ये मुसलमान राहतात, त्यांची मशीद आहे. अशा ठिकाणी जवळच्या, दिवस-रात्र नीट होणाऱ्या प्रदेशाची किंवा मक्केची वेळ पाळावी, असं उलेमांनी सांगितलेलं आहे. शिवाय आपण मुसाफिर. कस्रची सवलत आहे आणि शाफई मसलकात प्रवासात दोन नमाज एकत्र करण्याचीही. किब्ला साधारण आग्नेयेला, पण बोट वळत राहते. अब्बा म्हणाले, "आम्ही ड्यूटीवरच्या साहेबाला विचारायचो, बोटीचं तोंड कुठं आहे. सांगायचा बिचारा. ख्रिस्ती होता, पण आमची नमाजची वेळ झाली की स्वतःच सांगायचा."

तिसरा प्रश्न खोचक होता. एका नातेवाइकाने विचारलं, "एवढ्या पैशात उमरा झाला असता. बर्फ बघून काय मिळणार?"

मी त्यांचा अनादर करत नाही. अब्बा-अम्मींनी हज केलेला आहे. पण हा प्रश्न मला पटत नाही. कुठल्याही मध्यमवर्गीय मुसलमान घरात लग्नाच्या मांडवावर, सजावटीवर याहून जास्त पैसा जातो, तेव्हा उमऱ्याची आठवण कोणी काढत नाही. एका म्हाताऱ्या माणसाला काही बघावंसं वाटलं की मात्र लगेच हिशेब निघतो. कुराणात तर जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात कशी झाली ते बघायला सांगितलं आहे. आपण तो भाग वाचतो आणि घरी बसतो. कर्ज काढून, कुणाचा हक्क मारून सफर करू नये, हे मान्य. इथे तसं काही नाही. नातवाची कमाई आहे आणि त्याच्या नानांची इच्छा.

हे सगळं वाचताना मला सारखं आपल्याच किनाऱ्याचं आठवत होतं. भाऊच्या धक्क्यावरून निघणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली जायची. 'रोहिणी', 'कोकण सेवक' ही नावं जुन्या माणसांना घरच्यासारखी. बंदर उथळ असलं की पडाव यायचा आणि माणसं, करंड्या, कोंबड्या सगळं त्यात उतरायचं. माझी दादी त्याच बोटीने मुंबईला गेली आणि तिथून मोगल लाइनच्या जहाजाने हजला. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तरीही लोक बोटीने जात राहिले, कारण तीच त्यांची वाट होती. मग रस्ते सुधारले, एस.टी. वाढली, बोट तोट्यात गेली आणि बंद पडली. हजची जहाजंही १९९५ नंतर थांबली.

तिकडेही रस्ते झाले, विमानं आली. पण सरकारने म्हटलं, ही बोट चालली पाहिजे, तोट्याचं आम्ही बघतो. दूरच्या बंदरातल्या माणसाला भरपावसात, भरबर्फात, वर्षभर रोज एक बोट मिळाली पाहिजे. त्या निर्णयामुळे पुढे जगभरचे पर्यटक आले. आपल्याकडे उलटं चालतं. पर्यटन म्हणजे आधी आलिशान बोट आणि गावकऱ्यांचं नंतर बघू. मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी बोट सुरू झाली, ती चांगली चालते. पण दाभोळच्या माणसाला रोजची बोट परत मिळावी ही मागणी फारसं कोणी लावून धरत नाही. आमदारही नाही आणि ज्यांच्या बापजाद्यांनी बोटीवर आयुष्य काढलं ते आपणही नाही.

तर दोनांपैकी कुठली? विचारणाऱ्याला मी आता असं सांगते. आधी महिना ठरवा. मग खोली बघा, कारण बिनखिडकीची खोली दोघांकडेही आहे आणि खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली खोलीही. त्यात झालेली चूक कंपनी चुकण्यापेक्षा जास्त सलेल. सोबतचा माणूस म्हातारा असेल, शांतता आणि टेबलावर आलेलं जेवण हवं असेल, तर हाविलाची तारीख धरा. जुन्या बोटीचा जिव्हाळा हवा असेल तर हुर्टिग्रुटेनची. दोन्ही नसेल जमत तर जी मिळेल ती धरा, डोंगर तेच आहेत. पैसे कमी असतील तर बारा दिवसांऐवजी एका बाजूनेच जा आणि किर्केनेसहून विमानाने परता. शेंगेन व्हिसा आणि तीस हजार युरोंचा विमा विसरू नका.

आमची तारीख ठरली. मेमधला एक दिवस, फक्त जातानाची फेरी, सहा रात्री. त्या दिवशी बर्गनहून हुर्टिग्रुटेनची बोट निघते, जुन्यांपैकी एक. भाच्याने खिडकीची खोली घेतली आहे, लिफ्टच्या जवळची. जेवणाच्या वेळी ताट मी आणून देईन.

अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खोली इंजिनच्या वर आहे का?" मी म्हटलं, थोडी लांब आहे. ते म्हणाले, "बरं. पण ऐकू येईल ना?"

मी म्हटलं, येईल.